तातोबांचा वाटा

"पण दोन्ही जातिवंत असतील, तर पिल्लं वाईट निघतीलच कशी?" कोरे सरांनी विचारलं.

 सरांची कुत्री तातोबांच्या मांडीवर बसली होती. तिच्या मानेवरच्या केसांत अडकलेलं कुसळ ते हळूच काढत होते.

"तातोबा, मी तुम्हाला विचारतोय."

"ऐकतोय की. हीबी ऐकतीया."

कुत्रीचं नाव बुंदी. पांढरीशुभ्र, झुबकेदार केसांची पॉमेरियन, मांजरापेक्षा थोडीच मोठी. तिचा एक कान ताठ उभा असतो आणि दुसरा कायम पडलेला.

दुसरा कुत्रा मुनीम. तो पग. चपटं काळं तोंड आणि कपाळभर आठ्या, म्हणून हे नाव. तो चुलीजवळच्या पोत्यावर घोरत पडला होता. मठात ध्यानाला बसलेली माणसंही घोरतात, तेव्हा त्याला उठवायला मला तोंड नव्हतं.

मी सदाप्पा. मठात भाकरी थापतो.

गडहिंग्लजहून आजऱ्याकडे जाताना एक डोंगर लागतो, त्याच्या पायथ्याशी आमचा मठ आहे. मठ म्हणजे दोन खोल्या, एका जुन्या नाथजोग्याची समाधी आणि एक चूल. लोक समाधीला हात जोडतात आणि चुलीपाशी येऊन बसतात, कारण तातोबा तिथं असतात. त्यांना महाराज म्हटलेलं चालत नाही. कुणी पायावर डोकं ठेवायला वाकला की ते पाय पोटाशी ओढून घेतात.

कोरे सर त्यांच्याकडे बरीच वर्षं येतात. गडहिंग्लजच्या बाजूच्याच एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त झालेत. आईबापाचं काय काय लेकरात उतरतं, हा त्यांचा आवडता विषय. माणूस भला आहे. पण मठात आले तरी त्यांचा तास सुटत नाही. प्रश्न तेच विचारतात, उत्तरही तेच देतात, आणि तातोबांसाठी फक्त मान हलवायचं काम शिल्लक ठेवतात.

त्या दिवशीही सकाळपासून तेच चाललं होतं.

बुंदी आणि मुनीमचा क्रॉस करायचा, असं सरांनी मनात घेतलं होतं. बुंदीचे केस आणि मुनीमचा शांत स्वभाव. बुंदीची हुशारी आणि मुनीमची अंगकाठी. असं कुत्रं या भागात कुणाकडे नाही, असं सरांचं म्हणणं. त्यांनी हवेत बोटानं एक चौकोन काढला, त्याचे भाग पाडले आणि कुठल्या घरात काय पडेल ते तातोबांना समजावून सांगितलं.

तातोबा त्या हवेतल्या चौकोनाकडे मन लावून बघत होते. मीही बघितलं. मला त्यात सरांचं बोट तेवढं दिसलं.

चुलीवर तवा ठेवून मी पीठ मळायला घेतलं. पण बोलणं चाललेलं असताना भाकरी थापायची नाही, असं तातोबांनी मला सांगून ठेवलंय. थापण्याच्या आवाजात समोरच्याचं निम्मं बोलणं हरवतं म्हणे. म्हणून मी हात धुऊन बसून राहिलो. तवा तापत राहिला.

"हिचं वय होत चाललंय," सर म्हणाले. "एकदाही व्यायलेली नाही. आता पंधरा दिवसांत माजावर येईल. या वेळी नाही तर मग कधीच नाही."

"व्हय," तातोबा म्हणाले.

"आणि तातोबा... ती गिरिजाची आठवण राहील."

गिरिजाबाई म्हणजे सरांच्या पत्नी. गेल्या वर्षी आषाढात त्या गेल्या. बुंदी त्यांची. मुनीम मुलाचा, सोमेशचा. आई गेली, पाठोपाठ मुलगा पुण्याला निघून गेला, आणि दोघांची दोन कुत्री सरांकडे राहिली. खरं तर सरांना कुत्र्यांचं कधीच काही नव्हतं. घरात केस पडतात म्हणून ते कुरकुर करायचे. तरी त्यांनी दोन्ही सांभाळली, आणि नीट सांभाळली, एवढं मला म्हटलंच पाहिजे. बुंदीच्या अंगाला त्या दिवशीसुद्धा पावडरीचा वास येत होता.

पिल्लं अजून पोटातही नव्हती, पण सर ती वाटून मोकळे झाले होते. एक बेळगावच्या मेव्हणीला. एक बँकेच्या साहेबांना. एक शेजारच्या निवृत्त मामलेदारांना, त्यांना पांढरंच हवं होतं. सरांनी त्यांना पांढरं कबूलही केलं होतं.

"आणि एक सोमेशला," सर म्हणाले.

हे बोलताना त्यांचा आवाज खाली आला. तास थांबल्यासारखा वाटला.

सोमेश वर्ष झालं घरी फिरकला नव्हता. सरांचा फोन उचलत नव्हता. सरांनी पिल्लांचा बेत त्याच्या मोबाइलवर लिहून पाठवला, तेव्हा कुठं पहिल्यांदा त्याचं उत्तर आलं. एक मला ठेवा, मी न्यायला येतो. एवढंच.

सरांनी ते आम्हाला सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा सांगितलं.

तो चौकोन कशासाठी काढला होता, ते मला तेव्हा कळलं. केस नाही, स्वभाव नाही आणि गिरिजाबाईंची आठवणही पूर्ण नाही. म्हाताऱ्याला मुलगा दारात उभा राहिलेला बघायचा होता. मला वाईट वाटलं. एवढा शिकलेला माणूस, पण पोराला नुसतं ये म्हणायला त्याला कुत्रीच्या पोटातून वाट काढावी लागत होती.

"डॉक्टर काय म्हणाला?" तातोबांनी विचारलं.

"डॉक्टर काय, काळजीनं बोलतातच ते. त्यांचं कामच ते आहे."

"काय म्हणाला?"

"जरा जपून राहावं लागेल म्हणाले."

तातोबांनी बुंदीच्या पाठीवर हात ठेवला. पंजा मोठा, कुत्री लहान. ती हाताखाली जवळजवळ झाकून गेली.

"आदी जेवू," ते म्हणाले. "सदाप्पा, थाप."

आता आमच्या मठातल्या जेवणाची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

जी भाकरी फुगली नाही, ती तातोबांची. चिरलेली, करपलेली, तव्याला चिकटून फाटलेली, तीही त्यांची. चांगली फुगलेली येणाऱ्या-जाणाऱ्याची. बहुतेक वेळा पहिलीच भाकरी बिघडते, कारण तवा पुरता तापलेला नसतो. ती मी बाजूला काढून ठेवतो. एखादी मुद्दाम बिघडवली तर त्यांना ते बघताच कळतं, आणि ते ती माझ्या ताटात टाकतात.

सर याला तातोबांची नम्रता म्हणतात आणि गावात कौतुकानं सांगत फिरतात. मला काही त्यात नम्रता दिसली नाही. ते ती भाकरी आवडीनं खातात, आणि बोटंसुद्धा चाटतात.

त्या दिवशी मात्र सरांच्या बोलण्यात तवा झकास तापला होता. पहिली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली आणि चुलीतल्या निखाऱ्यांच्या आराला लावली. टम्म फुगली. दुसरीही फुगली. मग मला चेवच आला. सगळ्या एकसारख्या, सगळ्यांचे पापुद्रे सुटलेले. पाहुण्यासमोर हात असा चालला की माणसाला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

मी ताटं वाढली. पिठलं, खर्डा, कांदा. सरांच्या ताटात भाकरी, माझ्या ताटात भाकरी.

तातोबांनी आपल्या ताटाकडे बघितलं.

"माझी कुठाय?"

"आज सगळ्या फुगल्या."

"मग बसा की तुम्ही जेवायला."

"आणि तुम्ही?" सर म्हणाले.

"माझी झाली न्हाई आज."

सरांनी आपल्या ताटातली भाकरी उचलून त्यांच्यापुढे धरली. आज एक दिवस चांगली खा म्हणाले. तातोबांनी हात जोडले आणि मान हलवली. ती तुझी, म्हणाले.

आता त्यांनी घास घेतल्याशिवाय सर कसे खाणार, आणि सरांच्या आधी मी कसा खाणार? तिघंही ताटं पुढ्यात घेऊन बसून राहिलो. पिठल्यावर साय धरायला लागली. माझ्या पोटात कावळे ओरडत होते, आणि स्वतःच्याच हाताचा मला राग यायला लागला होता.

मुनीम तेवढा जागा झाला. ताटांकडे बघून त्यानं जीभ काढली.

"बरं, शिवानंदा," तातोबा म्हणाले. त्यांच्याखेरीज सरांना नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. "तुझ्या मनासारखं कर. जुळव दोघांना."

सरांचा चेहरा खुलला. त्यांनी लगेच माझ्याकडे बघितलं, जसं काही मीच विरोधात होतो.

"पर माझा वाटा ठेव."

"वाटा? अहो, सगळ्यात आधी तुम्ही." सर मोठ्यानं हसले. "सगळी पिल्लं इथं घेऊन येतो. तुम्ही निवडून घ्या आणि मग बाकीचे."

"निवडून नगं. न फुगल्यालं दे."

"म्हणजे?"

"सगळ्यांनी बघून ठेवल्यालं असतंय ना, त्येच्यातलं न्हवं. जे कुणी नेणार न्हाई, ते माझं."

सरांना ते फार आवडलं. हेसुद्धा ते गावात सांगणार, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

"तसं एखादंच निघतं," सर म्हणाले. "निघालंच तर तुमचं."

"कसं असंल त्ये?"

"कसं म्हणजे?"

"सांग की. म्हंजे मला वळखता यील. तुला सगळं ठावं हाय, कुठल्या घरात काय पडतंय त्ये."

बस्स. सरांचा तास पुन्हा सुरू झाला. त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि हवेत नवा चौकोन काढला. आधीच्या चौकोनात चांगलं भरलं होतं, तसं यात वाईट भरायला लागले. श्वास मुनीमचा घ्या, म्हणाले, चार पावलं चालला की धाप. जबडा त्याचा आणि दात हिचे, म्हणजे एकावर एक चढलेले. गुडघ्याची वाटी हिच्यासारखी निसटणारी. केस ना धड लांब, ना धड आखूड. हिच्यासारखं येईल-जाईल त्याच्यावर भुंकणार आणि त्याच्यासारखं लोळत पडणार. कामाचं काही नाही, आणि मिजास मात्र दोघांची.

सर रंगात आले होते. वर्गात शेवटी फळ्यावर एक ओळ लिहून खाली रेघ मारायची त्यांना सवय असणार. तसं त्यांनी बोट हवेत आडवं ओढलं.

"थोडक्यात काय, दोघांतलं वाईट तेवढं उतरलेलं."

आणि ते थांबले.

बोट तसंच वर राहिलं...

तातोबा बुंदीकडे बघत होते. मी चुलीकडे बघायला लागलो. एक लाकूड पुढं सरकवलं, काही गरज नसताना.

"हे..." सर म्हणाले.

 त्यांनी हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. मग दुसरा हात त्याच्यावर ठेवला.

"हे मी सोमेशला म्हणालो होतो," सर म्हणाले.

मला ते माहीत होतं. तातोबांनाही माहीत होतं, कारण आम्ही दोघंही तिथं होतो.

गिरिजाबाई गेल्या त्या आठवड्यात आम्ही सरांच्या घरी भेटायला गेलो होतो. पाहुण्यांनी बाहेरचा सोपा भरला होता. सोमेश सगळ्यांना चहा देत फिरत होता. त्यानं इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं होतं आणि तो पुण्यात नाटकांच्या दिव्यांचं काम करायचा. कुणीतरी सहज विचारलं, मुलगा काय करतो. सर हसत म्हणाले की हा माझ्या विषयातला एक नमुना आहे, आमच्या दोघांतलं वाईट तेवढं याच्यात उतरलंय. दोन-चार पाहुणे हसले. दुःखाच्या घरात माणसं कशालाही हसतात. सोमेशनं चहाचा ट्रे माझ्या हातात दिला आणि तो आत गेला. संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेला तो गेलाच.

आईला जाऊन आठवडा झाला नव्हता, आणि तिच्यातलं वाईट मोजून झालं होतं. मला तेव्हा सरांचा इतका राग आला होता की परत येताना वाटभर मी तातोबांपाशी बोलत होतो. 

आज तातोबा बुंदीच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"मी गमतीनं म्हणालो होतो," सर म्हणाले.

"गमतीनं नव्हे," थोड्या वेळानं सरच म्हणाले.

बुंदीनं मांडीवरून उडी मारली. ती सरांजवळ गेली आणि त्यांच्या धोतराला नाक लावून बसली. सरांनी तिच्या पडलेल्या कानाला हात लावला, तो उभा करून धरला आणि सोडून दिला. कान पुन्हा पडला.

"त्ये पिल्लू," तातोबांनी विचारलं, "कुणीच न्यायचं न्हाई का?"

सरांनी मग बुंदी घरी कशी आली ते सांगितलं. त्यांनी ते आधी कधी सांगितलं नव्हतं. निपाणीला गिरिजाबाईंच्या मैत्रिणीकडे पॉमेरियन व्यायली होती. पिल्लं बघायला दोघं गेली, तोवर बाकीची खपली होती. राहिली होती ती एवढी एक, एका कानाची, कुणावरही भुंकणारी. मैत्रीण म्हणाली, हिला राहू द्या, पुढच्या वेताला चांगलं देते. सरही म्हणाले, थांबू. गिरिजाबाईंनी ती पदरात गुंडाळली आणि गाडीत जाऊन बसल्या. सर रस्ताभर रागावले होते. पैसे द्यायची तयारी असताना टाकाऊ कशाला घ्यायचं, असं त्यांनी विचारलं.

"ती काय म्हणाली?" तातोबांनी विचारलं.

"म्हणाली, चांगली सगळी जातात हो." सरांनी बुंदीला जवळ ओढलं. "मग हिला कोण नेणार?"

मला तिथं बसवेना. मी उठलो आणि पाण्याचा तांब्या भरून आणला. तो आधीच भरलेला होता.

परत आलो तेव्हा सर डॉक्टरांचं सांगत होते. कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर जपून राहा म्हणालेच नव्हते. ते स्पष्ट नको म्हणाले होते. ही अंगानं एवढीशी, पहिलटकरीण आणि वयानं थोराड. पगाच्या पिल्लांची डोकी मोठी. पिल्लू अडकणार, पोट फाडावं लागणार. आणि पोट फाडूनही ही जगेल असं मी सांगत नाही, असं त्यांनी सरांना समोर बसवून सांगितलं होतं.

"तरी मी विचार करत होतो," सर म्हणाले. "हिनं काय बिघडवलंय माझं?"

बुंदी त्यांच्या बोटाला चाटत होती. तिला पिठल्याचा वास लागला असणार. पण सरांना त्या वेळी ते तसं वाटलं नसावं, कारण त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

बाहेर वारा होता. समाधीवरच्या झेंड्याचा आवाज येत होता. मुनीम पुन्हा झोपला होता.

"सदाप्पा," तातोबा म्हणाले, "पीठ उरलंय?"

"एका भाकरीचं."

"परात ह्येला दे."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी परात त्यांच्यापुढे सरकवली. आयुष्यात कधी भाकरी थापलेली नाही, ते म्हणाले. घरी गिरिजा करायची, आता डबा येतो. तातोबांनी काही ऐकल्यासारखं केलं नाही. मी चुलीत लाकूड घातलं.

सरांनी बाह्या वर केल्या. पाणी जास्त झालं, मग पीठ जास्त झालं. मी तोंड उघडणार होतो, पण तातोबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, म्हणून गप्प बसलो. सरांनी गोळा परातीत ठेवला आणि थापायला लागले. भाकरी एकीकडे जाड, एकीकडे पातळ, कडेला चिरत चाललेली. चीर बुजवायला जावं तर दुसरीकडे नवी पडत होती. सरांच्या कपाळावर घाम आला. मामलेदारांना पांढरं पिल्लू कबूल करणारा माणूस, त्याला एक गोल भाकरी जमत नव्हती. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

तव्यावर टाकताना एक तुकडा निसटून चुलीत पडला. उलटताना उरलेली दुमडली. आराला लावली तर तिनं फुगायचं नावच काढलं नाही. मधे कच्ची, कडेला काळी, अशी ती सरांनी दोन्ही हातांनी उचलली, चटका बसला तरी सोडली नाही, आणि तातोबांच्या रिकाम्या ताटात नेऊन ठेवली.

"घ्या," सर म्हणाले. "ही तुमचीच."

तातोबांनी ती भाकरी बराच वेळ बघितली. तिची कड मोडली, त्यातला एक तुकडा बुंदीला दिला, एक मुनीमच्या नाकाशी ठेवला. मुनीम डोळे न उघडता खायला लागला.

मग उरलेली भाकरी त्यांनी उचलली आणि सरांच्या ताटात ठेवली. आणि सरांच्या ताटातली फुगलेली भाकरी घेऊन तिचा घास मोडला.

इतक्या वर्षांत तातोबांना फुगलेली भाकरी खाताना मी पहिल्यांदा बघितलं.

सर आपल्या ताटाकडे बघत बसले. एक तुकडा मोडून त्यांनी तोंडात घातला. चावायला वेळ लागला.

"तातोबा, नाही जुळवत मी यांना," ते म्हणाले.

तातोबा खात होते.

"मेव्हणीला सांगेन. बँकेत सांगेन. मामलेदार चार दिवस बोलायचे नाहीत, त्याचं काही नाही." सरांनी खिशातून मोबाइल काढला, हातात धरला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. "पण सोमेश पिल्लासाठी येणार होता. आता पिल्लूच नाही. मग त्याला काय सांगून बोलावू?"

त्यांनी हे असं विचारलं की त्यात त्यांचं स्वतःचं उत्तर नव्हतं. सरांचा असा प्रश्न मी त्याआधी ऐकला नव्हता.

तातोबांनी हातातला घास पिठल्यात बुडवला. तो तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला आणि पाणी प्याले.

"म्हणावं, बापानं भाकरी थापलीया," तातोबा म्हणाले. "फुगली न्हाई. खायला ये."